यूकेत मास्टर्सला जाताय? मग स्टुडंट्स युनियन काय असते ते आधी समजून घ्या

युनियन म्हटलं की आपल्याला काय आठवतं? गेटवरचा फलक, संप, घोषणा, नाहीतर कुठल्यातरी पक्षाचा झेंडा. महाराष्ट्रात कॉलेजातल्या थेट निवडणुका १९९०च्या दशकातच बंद पडल्या. त्यामुळे आज विशी-पंचविशीत असलेल्यांनी विद्यार्थी संघटना पाहिली ती बातम्यांत किंवा चौकातल्या बॅनरवर. मीही तेच चित्र डोक्यात घेऊन उत्तर इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात गेले. कॅम्पसच्या मधोमध ‘स्टुडंट्स युनियन’ अशी भली मोठी पाटी लावलेली इमारत होती. आपल्याला राजकारणात पडायचं नाही, असं म्हणत मी दोन महिने तिला वळसा घालून लायब्ररीत जात राहिले.

नोव्हेंबरात घरातला बॉयलर (गरम पाणी आणि हीटिंगचं यंत्र) बंद पडला, घरमालक फोन उचलेना, तेव्हा कुणीतरी म्हणालं, युनियनमध्ये जाऊन बघ. गेले. आत डबा गरम करायला ओळीने मायक्रोवेव्ह मांडलेले होते, हे पाहून आधी स्वतःचाच राग आला. दोन महिने मी थंड पोळी-भाजी खात होते.

पुढे वर्षभर त्याच इमारतीच्या रिसेप्शनवर मी पार्टटाइम काम केलं. आपल्याकडची मुलं तिथे यायची, पण बहुतेक वेळा उशिरा. सही करून झालेली, पैसे भरून झालेले, अपीलाची मुदत कालच संपलेली. म्हणून हा लेख, आणि म्हणूनच तो कधी काय करायचं या क्रमाने लिहिलाय. एक वर्षाचं मास्टर्स म्हणजे दोन टर्म आणि एक उन्हाळा. डिसेंबरात जाग आली तर निम्मं गेलेलं असतं.

आधी ओळख

नावावर जाऊ नका. बहुतेक ठिकाणी ‘स्टुडंट्स युनियन’ म्हणतात, बर्मिंगहॅम, लिव्हरपूल आणि एक्सेटरमध्ये ‘गिल्ड’, एडिनबरामध्ये ‘स्टुडंट्स असोसिएशन’. काम तेच. गोंधळ होतो तो ऑक्सफर्ड युनियनमुळे. शशी थरूर यांचं २०१५ मधलं गाजलेलं भाषण आपण सगळ्यांनी फॉरवर्ड केलंय, ते तिथलं. पण ती १८२३ साली सुरू झालेली वादविवादाची संस्था आहे आणि तिचं सभासदत्व पैसे भरून घ्यावं लागतं. विद्यार्थ्यांची युनियन वेगळी.

खऱ्या युनियनचे सभासद तुम्ही प्रवेश घेतलात की आपोआप होता. फॉर्म नाही, फी नाही. नको असेल तर बाहेर पडायचा हक्क १९९४च्या एज्युकेशन ॲक्टने दिलाय आणि बाहेर पडलात म्हणून तुमचं अडवून धरता येत नाही. वर चार-सहा निवडून आलेले विद्यार्थी असतात. ते वर्षभर अभ्यास बाजूला ठेवून पगारावर पूर्णवेळ हेच काम करतात, त्यांना सब्बॅटिकल ऑफिसर म्हणतात. खाली नेहमीचा नोकरवर्ग. पैसा विद्यापीठाच्या अनुदानातून आणि युनियनच्या स्वतःच्या दुकान-बारमधून येतो. सगळ्यात कामाची गोष्ट ही की युनियन विद्यापीठाचं खातं नाही, वेगळी संस्था आहे. विद्यापीठाशीच वाजलं तर जायचं कुठे, याचं उत्तर इथे आहे.

निघण्याआधी

दोनच कामं. एक, आपल्या युनियनचं नेमकं नाव शोधा आणि तिच्या सोसायट्यांची, म्हणजे छंद, भाषा, देश अशा धाग्यांवर जमणाऱ्या विद्यार्थी मंडळांची, यादी वाचून काढा. व्हॉट्सॲपवर ‘इंडियन स्टुडंट्स’ नावाचे दहा ग्रुप सापडतील आणि त्यातल्या काहींत विद्यार्थ्यांपेक्षा खोल्यांचे एजंटच जास्त असतील. युनियनच्या यादीत असलेली सोसायटी म्हणजे निदान कुणीतरी जबाबदार माणूस मागे आहे.

दुसरं, शाळेत मुलांना शिकवणं किंवा तसं काही व्हॉलंटिअरिंग करायचा विचार असेल, तर पासपोर्ट ऑफिसकडून पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेट काढून घ्या. मुलांसोबत काम करणाऱ्यांची तिथे डीबीएस नावाची तपासणी होते, पण ती ब्रिटनमधल्याच नोंदी पाहते. नव्याने आलेल्याकडे काही संस्था भारतातलं पत्र मागतात आणि ते तिथून मागवताना घरच्यांची धावपळ होते.

पहिला आठवडा

सप्टेंबरच्या शेवटी फ्रेशर्स वीक किंवा वेलकम वीक असतो. जानेवारीत प्रवेश घेणाऱ्यांसाठी त्याचीच छोटी आवृत्ती असते. त्यातल्या एका दिवशी फेअर भरते. जत्राच म्हणा. शंभर-दीडशे टेबलं, प्रत्येकावर कुणीतरी ओरडून बोलावतंय, फुकट पेनं, पिशव्या, पिझ्झाचे तुकडे. पहिल्याच रांगेत दमून जायला होतं. पिशव्या घ्या, पण ईमेल पत्ता सगळीकडे लिहीत सुटू नका, वर्षभर मेल येत राहतात.

तिथेच पैसेही भरू नका. सोसायटीची वर्गणी थोडीच असते, साधारण पाच-दहा पौंड. स्पोर्ट्स क्लबची मात्र बरीच जास्त असते. पहिले दोन-तीन आठवडे बहुतेक सोसायट्या फुकट किंवा नाममात्र पैशांत येऊन बघू देतात, त्याचा फायदा घ्या. खेळात रस असेल तर वेळापत्रकात बुधवार दुपार मोकळी आहे का पाहा. विद्यापीठांमधले सामने बुधवारी दुपारी खेळले जातात, म्हणून अनेक ठिकाणी त्या वेळी लेक्चर ठेवत नाहीत.

याच आठवड्यात भांड्यांची चौकशी करा. जून-जुलैत घरी जाणारी मुलं कढया, कुकर, उशा टाकून जातात आणि अनेक ठिकाणी युनियन किंवा विद्यापीठ ते गोळा करून सप्टेंबरात स्वस्तात देतं. माझा तीन लिटरचा प्रेशर कुकर असाच आला. बॅगेतलं दोन किलो वजन वाचणार हे आधी माहीत असतं तर आणखी भाजणी आणली असती.

आणि दारूबद्दल, कारण आई-बाबा विचारणारच आहेत. युनियनमध्ये बार असतो. तिथे बसून लाइम-सोडा पिणाऱ्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. दारू नसलेले कार्यक्रमही वेळापत्रकात वेगळे दाखवलेले असतात.

सोसायटी कोणती घ्यावी

माझं मत: एक आपल्या लोकांची आणि एक जिथे आपल्यातलं कुणीच नसेल अशी. फक्त पहिली घेतलीत तर वर्षभर पुण्यातच राहाल. फक्त दुसरी घेतलीत तर ऑक्टोबरातल्या पावसाळी संध्याकाळी वरण-भाताची आठवण काढायला कुणी सापडणार नाही. मी डोंगर चढणाऱ्यांच्या सोसायटीत गेले. सह्याद्रीतला अनुभव सांगून भाव खायचा विचार होता, पण पहिल्याच रविवारी आडव्या पावसाने तो धुऊन काढला.

मराठी सोसायटी प्रत्येक विद्यापीठात नसते. नसेल तर काढता येते. ठरावीक संख्येने सह्या, अध्यक्ष-चिटणीस-खजिनदार आणि युनियनच्या नमुन्यातली घटना, एवढं दिलं की मान्यता मिळू शकते. मान्यता मिळाली की खोली फुकट मिळते आणि थोडं अनुदानही. लंडन जवळ असेल तर महाराष्ट्र मंडळ लंडन आहेच. १९३२ पासूनची संस्था आहे, पण ते विद्यार्थ्यांचं नव्हे तर सगळ्या मराठी समाजाचं मंडळ.

कार्यक्रम करायची वेळ आली की मात्र खरी गंमत. आम्ही दिवाळी फराळ ठेवायचं ठरवलं. इथे युनियनकडे ‘रिस्क असेसमेंट’ नावाचा तक्ता भरून द्यावा लागतो: काय बिघडू शकतं, कुणाला इजा होऊ शकते, तुम्ही काय काळजी घेणार. ‘पणत्या’ लिहिल्याबरोबर उत्तर आलं, उघडी ज्योत चालणार नाही. म्हणून बॅटरीवरच्या. मग फराळाची पाळी. यूकेत खाण्यात असलेले चौदा ॲलर्जीकारक घटक सांगणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि युनियन आपल्या सोसायट्यांकडूनही तशी पट्टी मागते. आम्ही चौघी रात्री अकरा वाजता टेबलाभोवती बसून एकेका पदार्थाची चिरफाड करत होतो. चिवडा: शेंगदाणे, काजू. चकली: तीळ. करंजी: गहू, दूध. बेसन लाडू: तूप म्हणजे दूधच. सगळं झालं असं वाटलं आणि एकीला आठवलं, चिवड्याच्या फोडणीत मोहरी आहे. मोहरी त्या चौदांत आहे! सगळ्या पट्ट्या पुन्हा लिहिल्या. आयुष्यभर फोडणी देत आलो, ती कुणाला बाधत असेल असं कधी मनात आलं नव्हतं. तुम्ही ठेवणार असाल तर खोली निदान तीन-चार आठवडे आधी मागा आणि पट्ट्या करताना मोहरी विसरू नका.

काम: वीस तासांचा हिशेब

युनियन स्वतःही नोकरी देते: बार, दुकान, रिसेप्शन, कार्यक्रमांची मांडामांड. परीक्षेच्या दिवसांत शिफ्ट सोडली तर कुणी डोळे वटारत नाही, म्हणून या नोकऱ्यांवर उड्या पडतात. जाहिराती ऑगस्ट-सप्टेंबरातच लागतात. ऑक्टोबरात विचाराल तर उरलंसुरलं.

डिग्री पातळीच्या पूर्णवेळ कोर्सला स्टुडंट व्हिसावर टर्म चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त वीस तास काम, हे सगळ्यांना पाठ असतं. चुका होतात त्या पुढच्या बारकाव्यांत. आठवडा सोमवार ते रविवार मोजतात. दोन नोकऱ्या असतील तर दोन्हींचे तास मिळून वीस. आणि मास्टर्सवाल्यांनो, जून ते सप्टेंबर तुम्ही डिझर्टेशन लिहीत असता, तो काळ तुमच्यासाठी सुट्टी धरला जात नाही. बॅचलर्सची पोरं उन्हाळ्यात पूर्णवेळ कामं करतात म्हणून तुम्हीही केलंत, तर व्हिसाच्या अटीचा भंग होतो.

दुसरा खड्डा म्हणजे स्वतःचा धंदा. स्टुडंट व्हिसावर तो करता येत नाही. खाणं पोचवणाऱ्या ॲपवर सायकल चालवणं हे बहुतेक वेळा स्वतःचा धंदा म्हणूनच धरलं जातं. आणि आपल्या मुलींनो, खोलीत डबे करून पैसे घेऊन विकणं हेसुद्धा. दहा तासांचं काम आहे म्हणून चालेल, असं नाही. तासांचा प्रश्नच तिथे येत नाही.

व्हॉलंटिअरिंग

युनियनकडे व्हॉलंटिअरिंगची यादी असते: फूड बँक, चॅरिटी शॉप, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना भेटणं, शाळेत वाचन घेणं, नदीकाठ साफ करणं. आठवड्याला दोन-तीन तासांपासून सुरुवात करता येते. प्रवासखर्च बहुधा मिळतो, पावती जपून ठेवा.

इथेही व्हिसाची एक मेख आहे. इंग्रजीत ‘व्हॉलंटिअरिंग’ आणि ‘व्हॉलंटरी वर्क’ हे कानाला सारखेच वाटतात, पण नियमांत वेगळे आहेत. तुमच्यावर कराराचं बंधन नसेल, पगारी माणसाची जागा तुम्ही भरत नसाल आणि खर्चाशिवाय काही मिळत नसेल, तर ते व्हॉलंटिअरिंग. ते वीस तासांत धरत नाहीत. करार, ठरलेली हजेरी, मोबदल्यात काही वस्तू असं असेल तर ते व्हॉलंटरी वर्क, आणि ते वीस तासांत धरतात. संस्थेला सरळ विचारा की हे दोन्हींपैकी काय, आणि उत्तर ईमेलवर घ्या.

मी शनिवारी सकाळी एका चॅरिटी शॉपमध्ये जायचे. मागच्या खोलीत दान आलेल्या कपड्यांचे काळ्या पिशव्यांतले ढीग. पिशवी फोडायची, डाग-फाटकं बाजूला, बटणं मोजायची, वाफेच्या नळीने सुरकुत्या काढायच्या, हँगरवर मापाचा छोटा प्लास्टिकचा ठोकळा अडकवायचा. पहिल्या दिवशी तिथल्या बाई आत येताना म्हणाल्या, “यू ऑलराइट, लव्ह?” मी त्यांना सर्दीपासून झोपेपर्यंत सगळं सांगितलं. त्या शांतपणे ऐकून गेल्या. तो प्रश्न नसतो, आपल्या ‘काय, जेवलात का?’सारखं असतं, हे कळायला दोन शनिवार गेले. लेक्चरमधलं इंग्रजी मला आधीच येत होतं. गल्ल्यावर उभं राहून गिऱ्हाइकांशी बोलायचं इंग्रजी मी त्या दुकानात शिकले, आणि पुढे इंटरव्ह्यूत तेच उपयोगी पडलं.

तास युनियनच्या पोर्टलवर त्या त्या आठवड्यात नोंदवा. वर्षअखेरीस प्रमाणपत्र त्यावरूनच मिळतं.

ॲडव्हाइस सेंटर: अडचण यायच्या आधी बघून ठेवा

आता जिथे खरंच वेळ घालवायला हवा ती जागा. प्रत्येक मोठ्या युनियनमध्ये सल्ला केंद्र असतं. फुकट, गोपनीय, विद्यापीठापासून स्वतंत्र. तिथे बसणारे पगारी, प्रशिक्षित लोक असतात आणि रोज हेच करतात.

माझ्या बॉयलरची गोष्ट पूर्ण करते. सल्लागार बाईंनी शांतपणे विचारलं, “डिपॉझिट कुठल्या स्कीममध्ये ठेवलंय?” मला प्रश्नच कळला नाही. इंग्लंडमध्ये खाजगी घरमालकाला सहसा पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त डिपॉझिट घेता येत नाही, आणि घेतलेलं तीस दिवसांत सरकारमान्य स्कीममध्ये ठेवून तुम्हाला तसं कळवावं लागतं. तसं केलं नाही तर कोर्ट डिपॉझिटच्या एक ते तीन पट रक्कम द्यायला लावू शकतं. माझे साठ दिवस उलटले होते, कागद काही नव्हता. आम्ही दोघींनी मिळून एक सभ्य ईमेल लिहिला: बॉयलर कोणत्या तारखेला बंद पडला, किती फोन केले, सोबत फोटो, आणि शेवटी एका ओळीत डिपॉझिटची चौकशी. तिसऱ्या दिवशी प्लंबर हजर.

करार सही करायच्या आधी तिथे नेऊन दाखवा, ते वाचून देतात. एक कलम नक्की विचारा: चौघांनी मिळून एकच करार केला असेल तर एकाने भाडं बुडवल्यास बाकीच्यांकडून वसूल होतं का? बहुतेक वेळा होतं. ‘आपलाच मित्र आहे’ म्हणून सही करताना हे माहीत असावं. घरात सगळे पूर्णवेळ विद्यार्थी असाल तर कौन्सिल टॅक्स (स्थानिक पालिकेचा घरावरचा कर) लागत नाही, विद्यापीठाचं पत्र दिलं की झालं.

दुसरं मोठं प्रकरण अभ्यासातल्या गैरप्रकाराचं. आपल्याकडे जर्नल एकमेकांचं बघून उतरवणं हा जवळजवळ रिवाज आहे. तिथे त्याला ‘कोल्युजन’ म्हणतात, आणि देणारा व घेणारा दोघंही अडकतात. एक मुलगा रिसेप्शनवर पत्र घेऊन आला होता, हात थरथरत होते. त्याने रूममेटला ‘फक्त फॉरमॅट बघायला’ असाइनमेंट पाठवली होती. असं पत्र आलं तर त्याच रात्री घाबरून उत्तर लिहू नका, उलट गप्पही बसू नका. पत्र, असाइनमेंटचे जुने ड्राफ्ट, चॅट सगळं घेऊन सल्ला केंद्रात जा. ते निवेदन लिहायला मदत करतात आणि सुनावणीला सोबतही बसतात.

आजारपण, घरी कुणी गेलं, अशा वेळी मुदतवाढ किंवा सवलत मागायचा फॉर्म असतो. तो मुदतीच्या आधी, कागदपत्रांसह भरायचा. आपली मुलं तोंड मिटून सोसतात आणि मार्क लागल्यावर सांगतात. तेव्हा पहिला प्रश्न येतो, आधी का नाही सांगितलं?

अपीलाचंही तसंच. ‘मला ५८ दिले, ६२ हवे होते’ हे कारण चालत नाही, परीक्षकाच्या गुणवत्तेच्या निर्णयाला आव्हान देता येत नाही. (आणि ५८ला रडूही नका. मास्टर्सला ५० म्हणजे पास, ७० म्हणजे डिस्टिंक्शन.) प्रक्रिया चुकली असेल तर अपील होतं, आणि त्याची मुदत दिवसांत मोजतात, महिन्यांत नाही. विद्यापीठातले सगळे टप्पे संपले की ‘कम्प्लिशन ऑफ प्रोसिजर्स’ नावाचं पत्र मिळतं. इंग्लंड-वेल्समध्ये त्यानंतर बारा महिन्यांत ओआयए या स्वतंत्र तक्रार संस्थेकडे जाता येतं, फुकट.

व्हिसाचा सल्ला मात्र परवानगी असलेलेच लोक देऊ शकतात. युनियनमध्ये तसं कुणी नसेल तर ते तुम्हाला विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसात पाठवतील. त्याला टोलवाटोलवी समजू नका. हॉस्टेलच्या कॉरिडॉरमधल्या ‘अनुभवी’ दादाचा सल्ला ही खरी जोखीम.

कोर्स रेप्रेझेंटेटिव्ह आणि निवडणुका

ऑक्टोबरात वर्गप्रतिनिधी निवडतात. बहुधा कुणीच उभं राहत नाही, त्यामुळे हात वर केलात की झालात. महिन्या-दीड महिन्याने प्राध्यापकांसोबत बैठक, तिथे वर्गाचं म्हणणं मांडायचं. प्राध्यापकांना पहिल्या नावाने हाक मारायची सवय मला तिथेच लागली, तोवर ‘सर’ सुटत नव्हतं. सब्बॅटिकल ऑफिसरच्या निवडणुका बहुतेक ठिकाणी फेब्रुवारी-मार्चमध्ये होतात. स्टुडंट व्हिसावरचा विद्यार्थीही उभा राहू शकतो, निवडून आल्यास त्या पदासाठी व्हिसाची तरतूद आहे.

रात्री दोन वाजता

नोव्हेंबर-डिसेंबरात दुपारी चारलाच अंधार पडतो. भारतात तेव्हा साडेनऊ वाजलेले असतात, आणि तुमची रात्र व्हायच्या आत घरचे झोपलेले असतात. अनेक विद्यापीठांत नाइटलाइन असते: रात्रभर फोनवर बसणारे विद्यार्थी व्हॉलंटिअर, नाव विचारत नाहीत, उपदेश करत नाहीत. १९७० साली एसेक्स विद्यापीठात हे सुरू झालं. नंबर आजच फोनमध्ये घालून ठेवा. सोबत समॅरिटन्स या मानसिक आधार देणाऱ्या हेल्पलाइनचा ११६ १२३, तो चोवीस तास चालू असतो आणि फुकट आहे. जिवावर बेतलं असेल तर ९९९.

निघायच्या आधी

विद्यापीठाचा ईमेल कोर्स संपल्यावर काही काळाने बंद होतो, आणि त्याबरोबर व्हॉलंटिअरिंगच्या नोंदी, सोसायटीचे कागद, डिपॉझिटवरचा पत्रव्यवहार सगळं जातं. ऑगस्टमध्येच ते स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा. चॅरिटी शॉप किंवा युनियनमधल्या तुमच्या वरिष्ठांना विचारा, रेफरन्स म्हणून नाव देऊ का? समोर बसून विचारलं की बहुधा हो म्हणतात. वर्षभराने नोकरीच्या फॉर्मवर ब्रिटनमधला माणूस मागतात, तेव्हा ते नाव लिहिता येतं.

डिपॉझिट स्कीममधून परत मागा, खोलीचे फोटो काढून. कुकर युनियनच्या गोळा करायच्या पेटीत टाका. शिट्टी आतच ठेवा, मला तो शिट्टीशिवाय मिळाला होता आणि ती पुण्याहून मागवावी लागली.